चर्चमधला आवाज

रविवारी सकाळी आमच्या घरातून येणारे आवाज ऐकलेत तर तुम्हाला वाटेल, ही माणसं उपासनेला नव्हे, कोर्टाच्या तारखेला निघाली आहेत.

उपासना साडेनऊला. घरापासून गाडीने वीस मिनिटं. नऊ वाजता धाकटा एका पायात सँडल घालून दुसरी शोधत असतो, थोरली आरशासमोरून हलत नाही, बायको ओल्या हातांनी दुपारच्या भाताचं आधण बघत असते, आणि मी दारात उभा राहून ओरडत असतो, "आठवड्यातून एकच दिवस! एक दिवस वेळेवर निघता येत नाही तुम्हाला!" सँडल सापडते गॅसच्या सिलिंडरमागे. ती तिथे कशी गेली हे विचारायलाही वेळ नसतो. गाडीचं दार मी जरा जास्तच जोरात लावतो. पुढची वीस मिनिटं कुणी कुणाशी बोलत नाही.

मग चर्चचं फाटक येतं, आणि माझ्या चेहऱ्यावर हसू उगवतं. "सलाम, पाळकसाहेब. सलाम, ताई, गुडघा कसा आहे आता?"

अशाच एका रविवारी शास्त्रवाचनाची पाळी माझी होती. पौलाने गलतीकरांना लिहिलेलं पत्र, पाचवा अध्याय. आत्म्याच्या फळांची ती यादी, प्रीतीपासून सुरू होते आणि सहनशीलता, सौम्यता करत संयमापाशी संपते. वाचून झालं की दोन शब्द बोलायचे असतात. मी सौम्यतेवर बोललो. बरं बोललो असणार, कारण बाहेर पडताना दोघातिघांनी हात हातात घेऊन तसं सांगितलं.

घरी परतताना मागच्या सीटवरून धाकट्याने विचारलं, "पप्पा, तो चर्चमधला आवाज तुम्ही घरी का नाही काढत?"

टोमणा नव्हता तो. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा विझतो की चालूच राहतो, हे त्याने ज्या सुरात विचारलं होतं, त्याच सुरात हेही विचारलं. त्याला खरंच माहिती हवी होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायको खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

आमच्या मराठी मंडळ्यांमध्ये चर्चच्या कारभाराकडे लक्ष देणाऱ्या, आजाऱ्याच्या घरी जाऊन येणाऱ्या, दोन घरांत बिनसलं तर मध्ये पडणाऱ्या माणसाला 'वडील' म्हणतात. मराठी बायबलमधलाच शब्द आहे तो. मंडळीने मला वडील नेमलं त्याला काही वर्षं झाली. मुलांचा वडील मी त्याच्याही आधीपासून आहे, आणि त्या नेमणुकीच्या वेळी मला कुणी काही विचारलं नव्हतं. पौलाने तीताला लिहिलेल्या पत्रात मंडळीचा वडील कसा असावा ते सांगितलंय. त्याची मुलं बेलगाम नसावीत, तो स्वतः रागीट नसावा, वगैरे. तीमथ्याला तर त्याने सरळच विचारलंय की ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार. ही पानं वाचायची पाळी आली की मी ती शक्यतो दुसऱ्याकडे सरकवतो.

हे सगळं तुम्हाला सांगतोय ते तुमच्या घरीही असं काहीतरी असणार या भरवशावर. देव वेगळा असेल, वेळ वेगळी असेल. आमच्याकडे संध्याकाळची प्रार्थना, तुमच्याकडे शुभंकरोती किंवा नमाज. पण "हात जोड नीट!" हे ज्या आवाजात आपण म्हणतो, तो सगळ्यांचा सारखाच असावा.

आवाजावरून बायकोचं माहेर आठवतं, कोर्लई. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की कुंडलिकेच्या पलीकडे, डोंगरावर पोर्तुगिजांचा किल्ला आणि पायथ्याशी गाव. ती माणसं कॅथलिक, माउंट कार्मेल मातेच्या चर्चची. माझे आजोबा राहुरीकडून नोकरीसाठी या किनाऱ्याला आलेले, प्रॉटेस्टंट. आमच्या लग्नात दोन्हीकडे थोडी कुजबुज झाली होती, पण ती गोष्ट वेगळी.

सांगायचं होतं ते तिथल्या भाषेबद्दल. कोर्लईच्या ख्रिस्ती वाड्यात घरात एक बोली बोलतात. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सरमिसळीतून झालेली. पोर्तुगिजांनी १५९४ साली तो किल्ला निजामशाहीकडून घेतला आणि १७४० मध्ये हा सगळा मुलूख मराठ्यांकडे आला. ज्यांना जाणं शक्य होतं ते गोऱ्या साहेबांमागोमाग गेले. शेतात राबणारी माणसं डोंगराखाली राहिली, आणि त्यांच्याबरोबर ही बोली राहिली. चारी बाजूंना मराठी. तिची शाळा नाही, मुलांना वाचायला पुस्तक नाही. बोलणारी माणसं हजाराच्या आतबाहेर. अमेरिकेतले क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाचे भाषातज्ज्ञ तिच्या मागे लागले आणि १९९६ साली त्यांनी तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे कुणीही न शिकवता पावणेतीनशे वर्षं टिकलेली भाषा.

सासूबाई कोंबड्या हाकलतात त्या नौ लिंगमध्ये. भात करपला तर स्वतःला बोल लावतात तो नौ लिंगमध्ये. मी एकदा त्यांना विचारलं, "तुम्हाला ही कुणी शिकवली?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जावई शिकलेला असून असं काय विचारतो. "शिकवायचंय काय त्यात? आई बोलायची, आम्ही ऐकायचो."

हे वाक्य मी बरेच दिवस विसरलो होतो. धाकट्याने आवाजाचं विचारलं त्या रात्री ते आठवलं.

कारण मी मुलांना शिकवत होतो ते सगळं 'शिकवण्या'च्या वेळात. रविवारी शब्बाथ शाळा, रात्री आठला प्रार्थना, नाताळच्या आधी पाठांतर. आणि मुलं ऐकत होती ते उरलेल्या वेळात. गॅसवाल्याशी मी कसं बोलतो. आईचा फोन आला की उचलण्याआधी मी कसा सुस्कारा टाकतो. सुट्टे पैसे जास्त परत आले तर गप्प बसतो की सांगतो. त्यांची खरी नौ लिंग ती. तिची शब्बाथ शाळा चोवीस तास चालू असते आणि तिला मे महिन्याचीही सुट्टी नसते.

याच किनाऱ्यावरचं आणखी एक उदाहरण मला राहून राहून आठवतं. अलिबागच्या इस्रायल आळीत, नवगाव-रेवदंड्याकडे बेने इस्रायलांची घरं होती. रेवदंडेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आपल्या गावांची नावं लावणारे ज्यू. परंपरा अशी सांगते की गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांच्या हाती ग्रंथ उरला नव्हता. तेलाचे घाणे चालवून ते पोट भरायचे. पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं. पोरांना शब्बाथचं, म्हणजे त्या विश्रांतीच्या दिवसाचं, तत्त्वज्ञान कोण सांगत बसणार होतं? बाकी सहा दिवस करकरणारा घाणा एक दिवस करकरत नाही, एवढं पोरांना ऐकू यायचं. शेकडो वर्षं तेवढ्यावर निभावलं.

आमच्या घरात कोणता घाणा कधी थांबतो, असा विचार केला तर काही आठवेना. रविवारीसुद्धा माझा मोबाईल उपासनेत खिशात थरथरत असतो.

कोर्लईची एक हुरहूर लावणारी गोष्टही सांगून टाकतो. गेल्या काही वर्षांत तिथल्या आईबापांनी मुलांशी घरातही मराठी बोलायला सुरुवात केली. शाळेत मुलं अडखळू नयेत म्हणून. त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? माझी बायको आमच्या मुलांशी मराठीच बोलते, आणि ते आपली बोली टाकून द्यायची म्हणून नव्हे, तर सोपं पडतं म्हणून. दमलेली असते. आपण सगळेच दमलेले असतो. चांगल्या हेतूने, पोरांच्या भल्यासाठी, सोपं पडतं म्हणून एकेक गोष्ट सुटत जाते.

आता प्रार्थनेचं सांगतो. आमच्याकडे जेवणाआधी प्रत्येकाने दोन वाक्यं प्रार्थना करायची अशी पद्धत आहे. धाकट्याची दोन वाक्यं कधीच दोन नसायची. मांजरीला आशीर्वाद दे, तिच्या पिल्लांना दे, शेजारच्या काळ्या कुत्र्याला दे पण त्याने पिल्लांना खाऊ नये. एकदा मी बंद डोळ्यांनीच म्हटलं, "आटप लवकर, आमेन म्हण, आमटी गार होतेय." तो लगेच आमेन म्हणाला. नंतर बरेच दिवस त्याची प्रार्थना दोन वाक्यांतच संपायला लागली. मला वाटलं, चला, मुलगा सुधारला.

लोक येशूकडे लहान मुलं घेऊन यायला लागले तेव्हा शिष्य त्यांना दटावायला लागले, आणि येशू रागावला तो शिष्यांवर. ही गोष्ट मी शब्बाथ शाळेत किमान दहा वेळा सांगितली असेल. शिष्यांची आमटी गार होत असणार हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मग बायकोने एक सोपी गोष्ट केली. तिने ताटं वाढायच्या आधी प्रार्थना घ्यायला सुरुवात केली. बस्स, तेवढंच. गार होण्यासारखं समोर काही नसलं की माझी घाई निम्म्याने उतरते. तुमच्या घरी करून बघा, प्रार्थना नसली तरी दिवसभरात काय झालं ते ऐकायला म्हणून. ताट समोर नको, फोन हातात नको. दहा मिनिटं पुरतात. पाचही पुरतात.

आठपंधरा दिवसांनी धाकट्याची मांजरं हळूहळू परत आली. आणि एका रात्री तो म्हणाला, "देवा, माझ्या वर्गातल्या सगळ्यांना सांग की आम्हीपण मराठीच आहोत."

आम्ही दोघांनी डोळे उघडून एकमेकांकडे बघितलं. वर्गातल्या कुणीतरी त्याला विचारलं होतं, तुम्ही ख्रिश्चन, मग तू मराठी कसं बोलतोस? विचारणाऱ्या मुलाच्या मनात काही वाईट नसणार, त्यालाही फ्रिजच्या दिव्यासारखंच कुतूहल. पण आमच्या पोराने तो प्रश्न कित्येक दिवस दप्तरात घालून फिरवला होता. घाईची प्रार्थना चालू राहिली असती तर आम्हाला तो कळलाच नसता.

त्या रात्री मी त्याला रेव्हरंड टिळकांबद्दल सांगितलं. नारायण वामन टिळक, १८६१ सालचा जन्म, करजगावचे, म्हणजे आपल्या कोकणातलेच. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, आणि ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या. माझे आजोबा पेटीवर त्यांची गाणी म्हणायचे. 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांची पाखराची कविता तुझ्या वर्गातल्या पोरांच्या आज्यांनी शाळेत पाठ केली असेल. त्याला एवढ्या माहितीची गरज नव्हती. तो म्हणाला, "म्हणजे आहोत ना?" मी म्हटलं, "आहोत." मग तो झोपला.

आणखी एक कबुली. "देव बघतोय हं!" हे वाक्य मी भरपूर वापरलंय. भाजी पानात टाकली, देव बघतोय. खोटं बोललास, देव बघतोय. देवाला मी घरातला बिनपगारी हवालदार करून ठेवला होता. माझा धाक जिथे पोचत नव्हता तिथे त्याला ड्युटी.

त्याच टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांचं सोवळं येतं. बाहेरून घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायचं त्यांना वेड लागलं होतं. लक्ष्मीबाई ते इतक्या गमतीने सांगतात की आपण पोट धरून हसतो. पण मला बाप झाल्यावर ते पुस्तक पुन्हा वाचताना हसू जरा अडकलं. त्या वेडाच्या मागे भीती होती. १८५७ च्या धामधुमीत जवळचं माणूस फासावर गेलेलं, आणि तेव्हापासून सोवळ्याने मनात ठाण मांडलेलं. बापाची भीती मुलांच्या वाट्याला धर्म म्हणून येते. माझीही तशीच असते. मुलगा बिघडेल, मंडळीतले लोक काय म्हणतील, दहावीला काय होईल, फोनवर काय बघत असेल, या सगळ्याची मला रात्री बारा वाजता भीती वाटते आणि सकाळी सात वाजता मी ती "देव बघतोय" म्हणून त्यांच्या डब्यात भरून देतो.

आता मी ते वाक्य अगदीच टाकलं आहे असं नाही. तोंडातून निघून जातं. पण निघालं की धाकटा म्हणतो, "आणि तुम्हाला पण बघतोय."

भीतीवरून आठवलं. ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. टाळेबंदीमुळे आम्ही सगळे घरातच. दुपारी वारा असा सुटला की परसातली पोफळ एकदा जमिनीला टेकून परत उठायची. मग ती उठली नाही. पाठोपाठ माड. कौलं पत्त्यांसारखी उडत होती, पत्र्याचा आवाज कुणाचा तरी गळा आवळल्यासारखा. मी तिघांना मधल्या खोलीत, माळ्याखाली बसवलं आणि मोठ्याने प्रार्थना करायला लागलो. मोठ्याने म्हणजे फारच मोठ्याने. मधूनच थोरलीवर ओरडलो, "खिडकीपासून लांब हो!" मधूनच बायकोवर, "मेणबत्त्या कुठे ठेवल्यास!" मग परत "हे प्रभू..."

धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. आईच्या मांडीत तोंड खुपसून होता. त्याने तोंड वर काढून विचारलं, "येशू होडीत झोपला होता ना?"

मार्काच्या शुभवर्तमानातली गोष्ट. समुद्रात वादळ, होडीत पाणी, शिष्य घाबरेघुबरे, आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला. मी म्हटलं, "हो, झोपला होता." तो म्हणाला, "मग त्याला हळू उठवा ना. तुम्ही ओरडता त्याची मला भीती वाटते."

वादळाची नाही. माझ्या ओरडण्याची.

मला त्या क्षणी काही शहाणपण सुचलं असं समजू नका. घसा बसला होता म्हणून मी थांबलो, हे खरं कारण. मी त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून बसलो. बायकोने पुटपुटायला सुरुवात केली, जपमाळेची प्रार्थना, तिच्या आईच्या भाषेत. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तिला ती भाषा देवाशी बोलताना ऐकलं नव्हतं. आवाज अगदी बारीक, वाऱ्यात शब्द निम्मे विरून जायचे. धाकट्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण तो त्या लयीत मान हलवायला लागला आणि थोड्या वेळाने, कौलं उडत असताना, चक्क झोपला.

नंतर कित्येक दिवस वीज नव्हती. मोबाईल मेलेले. बागा आडव्या झालेल्या लोकांचं दुःख आजही आठवलं की पोटात तुटतं, त्यामुळे ते दिवस छान होते असं मी म्हणणार नाही. पण संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही एकमेकांशी जितकं बोललो तितकं त्याआधी बोललो नव्हतो. एक घाणा आपोआप बंद पडला होता.

आता थोरलीचं.

तिच्याबद्दल मी शेवटी लिहितोय हे माझ्याही आत्ताच लक्षात आलं. पहिलं मूल शहाणं असलं की असंच होतं. ज्याची कुरकुर असते त्याच्याकडे लक्ष जातं. थोरली पाणी भरते, भावाला ट्यूशनहून आणते, रविवारी शब्बाथ शाळेत लहान मुलांची हजेरी घेते. मंडळीतले लोक म्हणतात, "वडिलांची मुलगी शोभते हं." आणि आपण फुगतो.

शब्बाथ शाळेत मी उधळ्या मुलाची गोष्ट सांगत होतो. धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, सगळं उडवतो, डुकरांमागे फिरतो, घरी परत येतो, बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, मेजवानी. पोरं खूश. मागे बसलेल्या थोरलीने हात वर केला. "त्या थोरल्याचं काय झालं?"

मी म्हटलं, तो रागावून बाहेरच उभा राहिला, आणि बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालायला लागला.

"ते माहितीये. नंतर आत गेला का तो?"

"गेला असेल."

"लिहिलंय का तसं?"

लिहिलेलं नाही. लूक ती गोष्ट तिथेच सोडतो. बाप अंगणात, आत वाजंत्री, आणि थोरला आत जातो की नाही ते कुणालाच माहीत नाही. मी "छान प्रश्न आहे" म्हणून पुढे गेलो. छान प्रश्न आहे असं आपण म्हणतो ना, तेव्हा बहुतेक वेळा तो टाळायचा असतो.

त्यानंतर महिना-दीड महिन्याने, एका रविवारीच, धाकट्याने तिच्या विज्ञानाच्या जर्नलवर पाण्याची बाटली सांडली. दहावीचं जर्नल, आकृत्या काढलेलं, सोमवारी जमा करायचं. निळी शाई पानभर पसरली. ती किंचाळली. मी जेवून नुकताच आडवा झालो होतो. उठलो, आणि मला फक्त आवाज बंद करायचा होता. म्हटलं, "जाऊ दे, लहान आहे तो. माफ कर त्याला. आत्ताच चर्चमधून आलोय आपण."

ती एकदम गप्प झाली. वही तशीच टाकून बाहेर पडवीत गेली.

मला वाटलं, मिटलं. परत आडवा झालो. झोप काही लागेना. क्षमा ही गोष्ट मी तिच्याकडून वसूल केली होती, हप्त्यासारखी. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडूनच. आणि तीसुद्धा माझ्या दुपारच्या झोपेसाठी. ज्याने पाणी सांडलं त्याला मी काहीच म्हटलं नव्हतं. मोठी आहेस ना, समजून घे. समजूतदार मुलांना आपण हे किती वेळा म्हणतो, मोजायला गेलो तर लाज वाटेल. त्यांना समजतं म्हणून त्यांना लागत नाही, असा आपला एक सोयीस्कर समज असतो.

मी तासाभराने उठून पडवीत गेलो. त्या गोष्टीतला बाप लगेच गेला होता. मी तासाभराने. ती पायरीवर बसली होती, गुडघ्यांभोवती हात. मी शेजारी बसलो. घसा खाकरला. कुणाच्या घरी भांडण मिटवायला गेलो की सुरुवातीला जो आवाज लागतो, तो लागायला लागला, तो गिळला.

"माझं चुकलं," मी म्हटलं. एवढे दोन शब्द काढायला किती जड जातात हे ज्याने आपल्याच पोरासमोर काढलेत त्यालाच माहीत. "चुकलं असेल तर" असं म्हणायची फार इच्छा होते.

तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणतं?"

"म्हणजे?"

"जर्नलचं? का चर्चचं नाव घेतलंत ते?"

मी थोडा वेळ गप्प बसलो. "दोन्ही," म्हटलं. "आणि त्याला काही बोललो नाही, ते पण."

ती काही बोलली नाही. संध्याकाळ होत आली होती, खाडीकडून वारा नव्हता, डास घोंघावायला लागले होते. "तुम्ही जा आत," ती म्हणाली. "मी येते."

मी गेलो नाही. बसून राहिलो. पायरीवर आमच्या दोघांच्या चपलांच्या मध्ये धाकट्याची एकच सँडल पडली होती.

मग आतून जळका वास आला. पाठोपाठ धाकट्याचा आवाज, "मम्मी, वही वाळवायला इस्त्री किती वर ठेवायची? कॉटनवर ठेवली तर चालेल?"

थोरली ताडकन उठली. "हात नको लावूस! पान जाळशील, गाढवा!" असं ओरडत ती आत पळाली.